माकाराची ओळ

पहाटे तीन सत्तावीसला वेलिंग्टन हललं
आणि दुपारपर्यंत
चार हजार दोनशे अकरा माणसांनी लिहून कळवलं,
कसं हललं.

हुइआ रंगीहूना सातव्या मजल्यावर, अनवाणी.
बूट टेबलाखाली, कारण
पुन्हा हललं तर पायांना आधी कळतं, म्हणते.
मी शेजारच्या खुर्चीत, महिनाभराच्या कामावर आलेली,
बूट घातलेली.

तिला हवंय एवढंच:
‘ट्रक’ हा शब्द कुठल्या उपनगरानं किती वेळा लिहिला.
लोक लिहितातच तसं. वाटलं, दारावरून ट्रक गेला.
पेटोनमध्ये, जिथे खरंच जातात.
आयलंड बेमध्येही, जिथे रस्ता समुद्रापाशी संपतो
आणि त्या वेळचा ट्रक
सरळ पाण्यातच गेला असता.

आर-मध्ये हे दोन ओळींचं काम.
वाळलेल्या कपड्यांच्या लावतो तशा
ज्याच्या त्याच्या नावाने थप्प्या लावायच्या,
मग एकेका थप्पीचे खिसे उलटे करून
काय किती पडलं ते मोजायचं.

दोन ओळी. हुइआची दुपार गेली.

ब्रुकलिनच्या एका बाईने लिहिलंय:
ट्रक, मग अजून ट्रक, मग बाप रे केवढा ट्रक.
ही एक, का तीन?
डेस्मंड पलीकडून म्हणाला, एक. बाई एकच आहे.
हुइआ म्हणाली, पण घाबरली तीनदा.
शेवटी दोन कॉलम केले.

मग ‘कार’ही शोधून पाहिली, तर ढिगाने सापडल्या.
निम्म्या खोट्या:
इंग्रजी स्पेलिंगमध्ये घाबरण्याच्या पोटात
एक मोटार लपलेली असते,
मशीनने ती अक्षरं चिरून बाहेर काढली.
मी मनात आपली भाषा चाचपली.
भूकंपात भूक निघाली.
घरघरीत घर, दोनदा.
शब्दाच्या दोन्ही कडांना कुंपण घाल, डेस्मंड म्हणाला,
आणि मोटारी कमी झाल्या. भीती होती तेवढीच.

पोरिरुआहून तिच्या आत्याने माओरीत लिहिलं होतं,
तराका गेल्यासारखं.
मशीन त्यावरून तसंच पुढे गेलं.
हुइआने हाताने तो शब्द यादीत घातला.
मला मात्र ऐकू आली तारका,
पहाटे तीन वाजता
आत्याच्या दारावरून दिवे लावून गेलेली.

तक्ता आला. तेवीस ओळी.
उपनगरं चोवीस.

माकारा नव्हतं.
टेकडीमागची ती वस्ती, नऊ जणांनी कळवलेलं,
पण ट्रक कुणीच लिहिला नाही,
आणि जिथे शब्द नाही, तिथली थप्पीच उचलली गेली.
हुइआने ते नऊच्या नऊ वाचले.
कुत्रं आधी उठलं.
मेंढ्या एकदम गप्प.
समुद्र घरात आला वाटलं, नव्हता आला.
नवव्याने फक्त पत्ता दिला होता. खालची चौकट कोरी.

तिने कोड बदलला, गाळायच्या आधी मोजलं.
माकारा परत आलं, पण शून्य नाही आलं.
आलं ‘माहीत नाही’.
एक जण बोलला नाही, म्हणून
आठ जणांची बेरीजही अडली.

एक शब्द टाकलास की सुटेल, डेस्मंड म्हणाला,
कोऱ्याला वगळ म्हणायचं.
माहितीये मला तो शब्द, हुइआ म्हणाली,
आणि तिने तो टाकला नाही.
चोवीसावी ओळ तशीच ठेवून तक्ता पाठवून दिला.

सहाच्या सुमारास कपातला चहा थरथरला.
मी टेबलाची कड धरली. भूकंप?
हुइआने दोन्ही तळवे फरशीवर नीट टेकवले,
डोळे मिटले, थांबली.
नाही, म्हणाली. ट्रक.