कर्मणी प्रयोग

सोहारला मी इंग्रजी लिहिते, पोटासाठी.
रिफायनरीच्या पाचव्या गेटपाशी पोर्टाकेबिन,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
भरली की कुणीतरी ओतून येतं.
कुणीतरी. आमच्याकडे सगळं कुणीतरीच करतं.
व्हॉल्व्ह उघडा राहिला. शिडी हलवली गेली.
सूचना देण्यात आल्या होत्या.
अकरा वर्षांत हात चांगला बसलाय:
वाक्यातून माणूस अलगद काढायचा,
बांगड्याचा काटा काढावा तसा, मांस न फाटता.

चाळिशी लागल्यावर एम.ए.ला नाव घातलं.
इंग्रजी साहित्य, घरबसल्या; शेवटच्या वर्षाला सर्जनशील लेखन.
दिगंबर म्हणाला, पगार वाढेल का?
म्हटलं, नाही.
बरं, म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी
टेबल लॅम्प घेऊन आला.

तास साडेसहाला. पणजीत तेव्हा आठ,
बार्रेटो मॅडमच्या मागे कुकरची शिट्टी,
माझ्या मागे मगरिबची बांग.
कवितेतला 'मी' नेमका कोण,
यावर पाऊण तास चर्चा झाली.
मी म्यूटवर होते.

स्वाध्याय: पाहिलेली एक घटना, पाचशे शब्द.
लिहिलं ते लाल होऊन परत आलं.
समासात: हे कुणी केलं?
खाली पुन्हा: कुणी?
तिसऱ्या पानावर नुसतंच प्रश्नचिन्ह, कागद टोचेल इतकं मोठं.

घटना अशी.
ऑगस्ट, सकाळचे अकरा-वीस,
दुपारच्या सक्तीच्या सुट्टीला अजून तासभर.
टाकी क्रमांक चौदा, उंची नऊ मीटर.
फॉर्मवर तो आय. पी., म्हणजे इंजर्ड पर्सन;
गेल्यावरही चार दिवस रकाना तोच होता.
नाव तिलकराम घर्ती, जिल्हा रोल्पा.
कँटीनमध्ये लबनमध्ये मीठ-मिरची कालवायचा,
म्हणायचा, आता घरचं लागतं, दीदी.

रात्री आधी मराठीत मांडून पाहिलं.

तिलकराम पडला.

कर्तरी प्रयोग. क्रियापद त्याच्यासारखं, पुल्लिंगी, एकवचनी,
सगळं अंगावर घेऊन उभं.
म्हणजे आपली भाषाही कंपनीच्याच बाजूची निघाली.

दुसरं वाक्य दोन रात्री आलं नाही.
तिसऱ्या रात्री आलं:

पट्टा तपासल्याच्या रकान्यात, पट्टा न बघता,
मी खूण केली.

केली. खुणेसारखी स्त्रीलिंगी.
मी बाई आहे म्हणून नव्हे,
माझ्या जागी पुरुष असता तरी केलीच.
क्रियापद माझ्याकडे बघतही नाही.
शिरोडकर बाईंनी सातवीत शिकवलं होतं हे,
पाठ होतं.

इंग्रजीत मात्र तो आय
ओळीच्या मधोमध आला तरी मोठाच काढावा लागतो.
परांचीच्या पाइपसारखा, एकटा, उभा.
तेच अक्षर, आय. पी. मधलं.
टाइप केला. कर्सर लुकलुकत राहिला.
दिगंबर कुशीवर वळला; उजेड डोळ्यांवर जात होता त्याच्या,
दिव्याची मान भिंतीकडे केली.

बावन्न गुण. शेरा: भाषा कोरडी, शेवट नाही.
खरंय.
रोल्पाला गेलेलं पत्रही मीच लिहिलेलं,
त्यात 'दुर्दैवी घटना घडली' असं आहे
आणि खाली गोल शिक्का.

काल कँटीनमध्ये त्याच्या गाववाल्याला विचारलं,
मी केलं, हे तुमच्यात कसं म्हणतात?
ताटातला भात कालवता कालवता म्हणाला,
मैले गरेँ.
मग बोट उचलून, शेवटच्या अक्षरावर ठेवल्यासारखं हवेत:
हे जे टोक आहे ना, दीदी, ते बोलणाऱ्याचंच.
दुसऱ्या कुणाचं लागत नाही.

पावतीच्या मागे लिहून घेतलं.
अक्षरं सगळी ओळखीचीच होती.