सीटवर कोणी नाही

रात्रीचे पावणेदहा. हॉर्नकॅसलच्या वरचा माळ.
चाळीस एकर गहू अजून उभा,
उद्या दुपारी पाऊस सांगितलाय,
आणि मधोमध कम्बाइन, सगळे दिवे लावून, ठप्प.

पडद्यावर एकच ओळ:
सीटवर चालक नाही.
‘मग मी काय भूत?’ ग्रमिट म्हणाला
आत बसल्या बसल्या.

मी लॅपटॉप जोडला.
इंजिन ठणठणीत. पट्टे, पाती, तेल, जागच्या जागी.
चार लाख पौंडांचं धूड
सीटखालच्या बोटभर स्विचपाशी
हटून बसलेलं.
अशा वेळी आम्ही कंपनीला शिव्या देतो,
त्याच्या बापाच्या ट्रॅक्टरची आठवण काढतो,
ज्याला स्क्रूड्रायव्हर आणि एक लाथ पुरायची.
तेही झालं.

मग मी बसून पाहिलं. सुरू.
तो बसला. बंद.
परत मी. सुरू.
परत तो.

स्विच शाबूत होता.

‘मार्चमध्ये ऑपरेशन झालं,’
काचेबाहेर बघत तो म्हणाला,
‘तेव्हापासून अन्न जात नाही.
मॉरीनला वाटतं, मी भरतोय परत.’

माझी पान्यांची पेटी, अकरा किलो,
मी त्याच्या मांडीवर ठेवली.
क्षणभर काहीच नाही.
मग यंत्राने मान्य केलं
की माणूस आहे.

दव उतरेपर्यंत तो कापत राहिला,
पेटी पोटाशी धरून.
मी बांधावर, व्हॅनच्या उजेडात,
फॉर्म भरत:
यंत्रात दोष आढळला नाही.