तिसरी किल्ली

काल एक-एक. हरलो नाही,
पण बरोबरी म्हणायला जीभ रेटत नाही.
एकोणनव्वद मिनिटं पुढे होतो आम्ही.
मग तो नवा पोरगा, पाठीवर चार नंबर,
बॉल सरळ गॅलरीत भिरकवायचा सोडून
पायाखाली घेऊन गोंजारत बसला,
जसं काही मांजराचं पिल्लू सापडलंय.
पुढचं तुम्ही पाहिलं असेल.
नसेल, तर नशीबवान आहात.

माझं दुकान सेरोच्या उतारावर.
दार उघडलं की खाली माँतेविदेओचं बंदर.
किल्ल्या बनवतो, कुलपं दुरुस्त करतो,
आणि दर सोमवारी सकाळी
बिनपगारी कोच असतो.

आठ वाजता ओलेगारिओ आला.
खाटीकखान्यातून रिटायर झालेला,
काखेत थर्मास, हातात येर्बाचा कडू भोपळा.
किल्लीबिल्ली काही नको होती त्याला.
म्हणाला, रेफ्रीचा मेव्हणा त्यांच्याच गल्लीत राहतो.
म्हटलं, मेव्हण्याचं सोड,
आपल्या चार नंबरचा मेंदू कुठे राहतो ते सांग.
मग बराच वेळ नुसते पीत बसलो,
एकाच नळीने, आळीपाळीने.
मैदानाची डावी बाजू अजून चिखलातच आहे.
पालिका म्हणते, मार्चमध्ये बघू.
बसचं तिकीट मात्र
मार्चसाठी थांबलं नाही.

आणि पेपरात, पान बावीस,
मृत्यूच्या जाहिरातींच्या जरा वर, चार ओळी:
फारो ओएस्तेचा लेफ्ट बॅक नाहुएल अरिस्पे
पोर्तुगालला जाणार,
बोलणी शेवटच्या टप्प्यात.
शेवटच्या टप्प्यात!
आमच्या स्टँडचं छप्पर
अकरा वर्षं शेवटच्या टप्प्यात आहे.

पण मला एक गोष्ट माहीत होती,
पेपरला नव्हती.
गुरुवारी नाहुएल इथे आला होता,
हेल्मेट कोपराला लटकवून.
घराची किल्ली काउंटरवर ठेवली,
म्हणाला, अजून एक.
दोन आधीच मी करून दिलेल्या.
तिसरी कुणाला, विचारलं नाही.
या धंद्यात विचारत नाहीत.

ओलेगारिओ ऐकून उडालाच:
जाणारा माणूस किल्ल्या वाढवतो होय?
राहतोय पोरगा! लिहून घे!
आणि काल बघितलंस ना,
गोल बसल्यावर सगळे डोकं धरून उभे,
हा एकटा बॉल काखेत मारून
मध्यावर धावत सुटला.
मी हो म्हटलं.
मनात म्हटलं, घाई तर
जाणाऱ्यालाही असते.

अकराच्या सुमाराला सुल्मा आली, वरच्या आळीतली.
फुटबॉलचं तिला सोयरसुतक नाही.
काल आमच्या गोलाच्या वेळी
बाल्कनीत चादरी वाळत घालत होती म्हणे,
दचकून चिमटा खाली पडला.
पर्समधून किल्ली काढली,
ही फिरत नाही, म्हणाली, अडकते.
घाट माझाच. दातही माझेच.
कुणाच्या घराची, ते
मी विचारायच्या आधीच सांगून मोकळी झाली:
कुत्रा आहे ना त्याचा, म्हातारा,
विमानात घेत नाहीत इतक्या म्हाताऱ्याला.
मी येऊन-जाऊन बघीन म्हटलं.

ओलेगारिओने भोपळ्यात पाणी ओतलं.
उगाच. भरलेलाच होता तो.

कानस घेतली.
खरं सांगतो, एक क्षण असं मनात आलं,
तिसरा दात जरा जास्त घासला,
तर ही किल्ली जन्मात फिरणार नाही.
कुत्रा उपाशी, सुल्मा दारात,
नाहुएल विमानतळावरून परत.
मग भान आलं. मी साठीचा माणूस.
आणि तो कुत्रा मी पाहिलाय,
सरावाच्या वेळी कडेला झोपतो,
बॉल अंगावरून गेला तरी उठत नाही.

नीट घासली. दाराच्या कुलपात घालून बघता येत नाही,
तरी हाताला कळतं.
तेल लावून दिली, पैसे घेतले नाहीत.
सुल्माला वाटलं, चूक माझी होती म्हणून.

शनिवारी त्यांच्या मैदानावर सामना आहे.
डावीकडे कोण खेळणार, देव जाणे.
चार नंबरला बसवतील असं ऐकतो.
बसवू नये, माझं मत.
पोराला गोंजारता तरी येतं.