नखशिखांत

आधी पायांकडे बघावं.
चेहरा काय, लग्नाच्या दिवशी कुणाचाही बरा येतो.
पाय मात्र ऐन वेळी परक्यासारखे वागतात,
जणू शेजाऱ्याकडून मागून आणलेत.

हाइनी चर्चच्या काळ्या भिंतीशी उभा आहे,
छपरावरचं गवत वाऱ्याने एका कुशीवर निजलेलं.
फेरो बेटांचा जुना पोशाख: गुडघ्यापर्यंतची विजार,
कशिद्याचं जाकीट, त्याची चांदीची बटणं आजोबांची,
बुटांवरची बक्कलं मामाची, मोजे आईने विणलेले.
अंगावर अख्खं खानदान, आणि त्यात कुठेतरी तो.

"भार मागच्या पायावर दे," मी सांगते.
"पुढचा गुडघा सैल. खांदा थोडा तिरका.
इतका नाही. तू काही दार नाहीस."
तो हसतो, आणि पुन्हा होता तसाच:
पाय फाकवून, गुडघ्यांत किंचित वाकून,
ट्रॉलरच्या डेकवर उभं राहावं तसा.
अकरा वर्षं उत्तरेच्या समुद्रात कॉड ओढतोय,
जमीन हलत नाही
यावर त्याच्या घोट्यांचा विश्वास नाही.

"हातांचं काय करू?"
प्रत्येक नवरदेव हे विचारतो.
नवरीच्या हातात फुलं तरी असतात.
एक अंगठा खिशात, मी म्हणते. विजारीला खिसा नाही.
मग टोपी धर. त्याने टोपी अशी धरली
जसा पगार मागायला आलाय.

मी ओल्या गवतात गुडघे टेकते,
कॅमेरा त्याच्या कमरेच्या उंचीवर.
वरून टिपला तर माणूस बुटका,
फार खालून टिपला तर पुतळा.
डोक्यावर आकाश थोडं, बुटांखाली जमीन जरा जास्त.
हे शेवटचं पुस्तकात नव्हतं.
तुम्मासच्या आईने शिकवलं.

माझं पहिलं लग्न. म्हणजे मी टिपलेलं पहिलं.
डोंगर सुंदर होता, ढग सुंदर होते,
आणि मी तुम्मासला नडगीवर कापला.
तिने फोटो हातात घेतला. छान आहे म्हणाली.
मग खालच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं
आणि टेबलाकडे बघितलं,
उरलेलं तिथे सांडलं असेल तर.
सहा महिने लागले होते त्या मोज्यांना.
मला हे नंतर कळलं, दुकानात, दुधाच्या रांगेत,
दुसऱ्याच कुणाकडून.

"सरळ उभा राहा रे!" सुन्निवा भिंतीआडून ओरडते,
"नवरा मुलगा आहेस, जाळं ओढत नाहीस!"
तो सरळ होतो. वाईट दिसतो,
शिंप्याच्या काचेतल्या बाहुल्यासारखा.
मी तीन घेते. तिन्ही उद्या पुसणार.

आणि मग खाडीतून आला.
आमच्या गावात त्याला वारा म्हणत नाहीत,
नुसतं "आला" म्हणतात.
पाद्र्याचा झगा उलटा होऊन डोक्यावर,
मामांची टोपी मेंढ्यांमध्ये,
रान्वाने शालीसकट फाटक कवटाळलं,
माझ्या मदतनीस पोराने छत्री सोडून दिली, शहाणपणा केला.
सगळं गाव एका अंगाने कललं.

हाइनीचे गुडघे किंचित वाकले. बस्स.
टोपी छातीशी, दुसरा हात मोकळा,
भार दोन्ही पायांवर,
मी सांगितलं होतं त्याच्या अगदी उलट,
आणि चेहऱ्यावर, सकाळपासून पहिल्यांदा,
घरी पोचल्यासारखं काहीतरी.

एकच मिळाला.
माझाही तोल गेला होता, त्यामुळे क्षितिज कलंडलंय,
चर्च कलंडलंय, कोपऱ्यात निम्मा पाद्री.
तो तेवढा ओळंब्यात.

तीन आठवड्यांनी सुन्निवाने कागदावर पाहिला.
"केस विस्कटलेत," म्हणाली.
मग नजर उतरत गेली, बटणं, विजार,
मोज्यांच्या विणीपाशी थांबली,
आणि नखाने टाके मोजू लागली.
"डाव्या पायात एक चुकलाय. दिसतोय."
पुसता येईल, मी म्हणाले.
तिने फोटो पदरात लेकरू घ्यावं तसा ओढून घेतला.
"हात लावशील तर बघ."