पाण्याचं तोंड

तुर्भ्याच्या गाळ्यात जुबेरभाईंनी
दोन झाकणं पुढे ठेवली.
एक पांढरं, प्लास्टिकचं, चावीचं;
एक स्टीलचं, जड, बिनकुलपाचं.
"प्लास्टिक ऊन खातं, स्टील चोर खातात.
बोला."

मी चावीचं उचललं.
बत्तीस वर्षं पाणीखात्यात चावीवाला होतो,
दुसरं काय उचलणार?

टाकीपेक्षा वीतभर वर, गॅसच्या नळीपासून दूर,
कोऱ्या पत्र्यावर पेन्सिलीचं वर्तुळ.
ड्रिल लागलं तसा मी रस्त्याकडे वळलो.
मालन म्हणाली, "पोरीचे कान टोचले
तेव्हाही तुम्ही असेच पाठ करून उभे होता."

पत्र्याची चकती घरंगळत चपलेशी आली.
गरम.

कडेनं सीलंट, सहा स्क्रू,
समोरासमोरचे, आळीपाळीनं.
जाड नळी पाण्याची. शेजारची करंगळीएवढी कशाला,
ते जुबेरभाईंनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
हवा वाट सोडते तेव्हाच पाणी शिरतं;
पहाटे चारला लाइन आधी खोकायची,
मग यायची.

सीलंटला एक दिवस दिला.
दुसऱ्या रात्री घणसोलीत, इमारतीमागे,
वॉचमननं होज धरला, मी झाकण.
जायचं कुठे ते अजून ठरलेलं नाही.
आत मालन, पलंगाखालच्या टाकीला कान लावून.

"आलं!"

हा शब्द मी जन्मभर
लोकांच्या खिडक्यांतून ऐकला,
व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उभा राहून.

चकती तिनं घासूनपुसून घेतली.
चहावर झाकते.
मधल्या भोकातून वाफ जाते.