तेरावा महिना

पुन्ता अरेनासला वारा असा सुटतो
की कोपऱ्यावर माणसं खांब धरून उभी राहतात.
होर्तेन्सिया बार्रिया आली
दोन्ही हात कॅमेऱ्याभोवती घेऊन, खांब न धरता.
काउंटरवर ठेवताना म्हणाली,
"निबाल्दो, आत काहीतरी खुळखुळतंय."

लेन्स काढली.
आरसा तळाशी पडलेला,
टपालाच्या तिकिटाएवढा, अख्खा,
ओरखडासुद्धा नाही.
त्यात माझी ट्यूबलाइट दिसत होती.

"मी पाडलेला नाही."
सगळेच असं म्हणतात.
पण पाडलेल्या कॅमेऱ्याचे कोपरे बोलतात,
ह्याचे गप्प होते.
आणि गोंद माझ्या ओळखीचा:
पिवळा, वाळून पापुद्रे धरलेला.
वर्षभरातला हा सातवा.

तिने पावती काढली, चार घड्यांची.
हमी बारा महिने.
हप्ते अठरा.
"पाच अजून भरायचेत," ती म्हणाली,
"म्हणजे हा पुरता माझा व्हायच्या आधीच
त्यांचा उरला नाही?"

मी स्क्रूड्रायव्हर शोधत राहिलो.
तो हातातच होता.

शाळेतले वर्गांचे फोटो, पहिल्या कम्युनिअनच्या
पांढऱ्या झग्यातल्या मुली,
ओळखपत्रासाठी कान दाखवून बसलेले म्हातारे,
एवढ्यावर चालतं तिचं.
शनिवारी सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनीरला लग्न.
आगाऊ पैसे घेतलेले,
आणि ते तेराव्या हप्त्यात गेलेले.
दुष्काळात तेरावा महिना, तो असा
पावतीच्या मागच्या बाजूला बसलेला असतो.

माझ्या ड्रॉवरमध्ये एक कागद आहे.
गेल्या जूनमध्ये सान्तियागोहून आला,
वर लाल शिक्का: फक्त तंत्रज्ञांसाठी.
अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत
आरशाचा गोंद कमजोर निघाला आहे.
हमीत असल्यास विनामूल्य.
हमीबाहेर असल्यास नेहमीचा दर.
ग्राहकाने विचारल्याशिवाय विषय काढू नये.

सभ्य भाषा आहे. एका शब्दाला बोट लावता येत नाही.
गोंद कोणी निवडला, कोणी स्वस्तातला घेतला,
असं काही त्यात नाही.
गोंद कमजोर निघाला,
जसं कलिंगड फिकं निघतं.

आणि विचारायचं काय,
हे तिला कोण सांगणार?

नेहमीचा दर दोन लाख वीस हजार पेसो.
सहा जणांकडून मी तो घेतला.
सहाही जण जाताना
आभार मानून गेले.
एकाने तर बायकोने केलेला
रूबार्बचा मुरंबा आणून दिला.
बाटली अजून फळीवर आहे, अर्धी.

"किती होतील?" तिने विचारलं.
"थांब," म्हणालो.
जुना गोंद खरवडला, नखाने, मग ब्लेडने.
माझ्याकडचा लावला, जो मी
आईच्या शिलाई मशीनलाही लावला होता.
आरसा बसवला. चाळीस मिनिटं दाबून धरला.
तेवढ्या वेळात ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती
आणि मी तिची पाठ.

खरवडलेले पापुद्रे त्या कागदावर घेतले,
शिक्का आत जाईल अशी पुडी बांधली,
वैद्य बांधतो तशी.
कॅमेऱ्याच्या पिशवीत, बॅटरीशेजारी.

"हे काय?"
"ह्याच्याबरोबरचंच आहे."
"टाकून देऊ?"
"नको. लग्न उरकलं की उघड.
पावतीच्या शेजारी ठेवून वाच.
आणि मग कोणालातरी मोठ्याने वाचून दाखव."

तिने पाकीट उघडलं, मी मान हलवली.
तिने आभार मानले नाहीत,
माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
दार उघडताच वारा आत शिरला
आणि काउंटरवरची बिलं उडाली.

ती गोळा करता करता
रजिस्टर खाली घेतलं.
सहा नावं, सहा नंबर.
पहिला मान्सिया, मुरंबेवाला.
रिंग वाजली, वाजत राहिली,
कोणी उचलला नाही.
दुसरा लावला.