वांधा

नोटीस लागली त्या सकाळी माझ्या हातात केळ्यांची पिशवी,
आणि अंबूताई खानविलकर चष्मा घरी विसरलेल्या.
म्हणून मोठ्यानं वाचली:
पूर-निकाल वेरो, घर दीठ रुपये बाराशे.
वांधा असेल त्यानं पंधरा दिवसांत लेखी द्यावा.

वांधा म्हटलं की पुण्याची नणंद हसते.
तिकडे वांधा म्हणजे पंचाईत,
इथे बडोद्यात तो अर्ज असतो, दोन प्रतींत.
मी म्हणते, पंचाईत झाल्याशिवाय अर्ज करतंय कोण?

बाराशे.
मी साडीला फॉल लावते, साडीमागे चाळीस.
तीस साड्या.
तीस साड्यांच्या काठांवरून सुई चालत गेली
तर कुठवर पोचेल, मोजलं नाही कधी.
पुलापलीकडे चढावर जरीवाला शेठांचा बंगला आहे,
त्यांच्या अंगणातलं कारंजं रात्री निळं दिसतं.
त्यांनाही बाराशे.
घर म्हणजे घर, खिडकीतला कारकून म्हणाला,
आणि पुढच्याचा कागद ओढला.

साहेबांनी मात्र पंख्याखाली बसवून समजावलं.
बेन, दर सपाट आहे. सगळ्यांना एकच.
यात अन्याय कुठे?

सपाट.
घरी येईपर्यंत तो शब्द चपलेत खड्यासारखा.
विश्वामित्रीचं पाणीही सपाटच होतं त्या रात्री,
परातीत ओतल्यासारखं, कुठे उंच नाही, कुठे सखल नाही.
फक्त चढावर ते फाटकाबाहेर थांबलं
आणि आमच्या गल्लीत
इस्माईलभाईंच्या मांज्याच्या फिरक्या तरंगत माळ्याला टेकल्या,
माझं मशीन चाकासकट बुडालं,
अंबूताई लोखंडी कपाटावर बसून राहिल्या
गॅसचं पुस्तक छातीशी धरून.
जिन्याखाली मगरीचं पिल्लू तीन दिवस राहिलं.
त्याला कुणी वेरो लावला नाही.

भिंतींवर अजून रेघ आहे,
चहाच्या डागासारखी,
दोनदा रंग मारला तरी वर येते.
आमच्यात जुनी माणसं वेरो म्हणत नाहीत, पट्टी म्हणतात.
घरपट्टी, पाणीपट्टी.
मग मी पट्ट्याच कापल्या.
जमिनीपासून रेघेपर्यंत, प्रत्येक घराची एक,
फॉलच्या कापडाची, जो रंग हाताला लागला तो.
अंबूताईंची अबोली. इस्माईलभाईंची मोरपंखी.
माझी स्वतःची राखाडी, कारण तेवढाच उरला होता.
एकेका वांध्याला टाचणीनं लावल्या.
बंगल्याची रेघ विचारली शेठांच्या ड्रायव्हरला.
तो इकडेतिकडे बघून म्हणाला, रेघ नाही.
एका कोऱ्या कागदाला
मी नुसती टाचणी लावली.

अर्जाला कापड चालत नाही, कारकून म्हणाला.
म्हटलं, परिशिष्ट आहे, लिहून घ्या.
अबोली पट्टी उलगडायला तो उभा राहिला,
एक टोक बुटाखाली दाबलं, दुसरं वर ताणलं,
आणि ते त्याच्या हनुवटीशी आलं.
तसाच उभा राहिला जरा वेळ.
मागची रांगही काही बोलली नाही.
मग शिक्का मारला, अर्धा कागदावर, अर्धा कापडावर.
कापडावरची शाई पसरत गेली.

पंधरा दिवस झाले, वर अडीच महिने.
उत्तर नाही.
नोटीस उन्हानं पिवळी पडलीय, बाराशे मात्र वाचता येतात.

या खटाटोपात माझे एकवीस फॉल गेले.
त्याचा हिशेब ओट्यावर झाला, संध्याकाळी.
घर दीठ, असं कुणी म्हणालं नाही.
इस्माईलभाईंनी शंभर दिले,
ड्रायव्हरनं पाठीमागून येऊन वीस,
नळाजवळच्या नव्या सुनेनं
पुढच्या साडीसाठी सुईत दोरा ओवून दिला.
अंबूताईंनी पदराखालून दोन केळी काढली,
जरा काळी पडलेली.
वहीत सगळ्यांच्या नावापुढे
मी एकच लिहिलं:
भरले.